विद्यापीठ वाढतं म्हणजे काय?

विद्यापीठातली विद्यार्थिसंख्या वाढली, असं कानावर आलं की आपल्या डोळ्यांपुढे विद्यापीठाचं आवार येतं. मुंबईकरांना राजाबाई टॉवर आठवतो. पण मुंबई विद्यापीठाचे बहुतेक विद्यार्थी आवारात शिकतच नाहीत. मी अनेक वर्षं संलग्न महाविद्यालयात शिकवलं. माझ्या वर्गातल्या कित्येकांनी विद्यापीठ पाहिलं ते फक्त गुणपत्रिकेवरच्या शिक्क्यात!

हे विद्यापीठ १८५७मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालं. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. १८६२मध्ये पहिले बी. ए. झाले ते अवघे चार जण. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर त्यांतलेच. आज मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतची कॉलेजं याच रचनेत आहेत.

अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार देशात उच्च शिक्षण घेणारे २०१४-१५मध्ये ३ कोटी ४२ लाख होते. २०२१-२२मध्ये ते ४ कोटी ३३ लाख झाले. त्यांत २ कोटी ७ लाख मुली आहेत. घरातली पहिली पदवीधर होणारी मुलगी वर्गात बसते, तेव्हा या आकड्यांचा अर्थ कळतो. म्हणून गर्दी झाली, असं मी कधीच म्हणणार नाही.

अडचण वेगळी आहे. नवी तुकडी लगेच सुरू होते, पण पूर्णवेळ शिक्षकाचं पद तितक्या लवकर भरलं जात नाही. मग तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिक्षक नेमले जातात. शिवाय प्रत्येक नव्या प्रवेशाबरोबर उत्तरपत्रिकाही वाढतात आणि त्या तपासणारे हात तेवढेच राहतात. २०१७मध्ये मुंबई विद्यापीठानं संगणकाच्या पडद्यावर तपासणी घाईनं सुरू केली. कायद्यानं निकाल ४५ दिवसांत लागायला हवेत. ते सप्टेंबरपर्यंत लांबले. त्या उशिरानं कुणाचा पुढचा प्रवेश अडला, कुणाची नोकरी.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं उच्च शिक्षणातलं प्रमाण २०३५पर्यंत ५० टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. २०२१-२२मध्ये ते २८.४ टक्के होतं. म्हणजे विद्यार्थी वाढणारच, आणि वाढायलाच हवेत. मात्र प्रवेशाचा आकडा ऐकल्यावर पालकांनी कॉलेजात जाऊन आणखी दोन आकडे विचारावेत : पूर्णवेळ शिक्षक किती? आणि निकाल किती दिवसांत लागला?