तपकिरी मेदाचे मापन : यंत्र काय दाखविते आणि वैद्याने काय सांगावे

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. इंदापूर तालुक्यातील एक तिशीची, कृश प्रकृतीची रुग्णा लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण करून पुण्यास पेट-सीटी तपासणीस गेली होती. मानेच्या दोन्ही बाजूंस व जत्रूअस्थीच्या वर 'चमक' आढळल्याचा उल्लेख अहवालात वाचून घरच्यांचा धीर सुटला. तिचे वडील बारामतीस आमच्या चिकित्सालयात आले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आजार उलटला का, एवढंच सांगा." चित्रे पाहून क्षणभर आम्हीही साशंक झालो. अहवालाच्या शेवटी मात्र 'ब्राऊन फॅटमधील स्वाभाविक ग्रहण' असे स्पष्ट लिहिले होते. तज्ज्ञांशी दूरध्वनीवर बोललो. चमकीच्या जागी गाठ नसून मेद आहे, असा खुलासा त्यांनी केला. रुग्णा आज स्वस्थ आहे. पण ही ओळ आम्हांस आधी का उमगली नाही, याचा विचार करताना प्रस्तुत लेख लिहावासा वाटला.

नेहमीचा पांढरा मेद ऊर्जेचा साठा करतो; तपकिरी मेद ती जाळून उष्णता निर्माण करतो. त्याच्या पेशींत सूत्रकणिका विपुल असतात आणि त्यांतील लोहयुक्त घटकांमुळे त्यास तपकिरी छटा येते. यूसीपी-१ हे प्रथिन सूत्रकणिकेतील ऊर्जा एटीपीकडे न वळविता थेट उष्णतेत रूपांतरित करते. थंडी वाजताच मज्जासंस्थेकडून नॉरअॅड्रिनॅलिन स्रवते व ही भट्टी पेटते. नवजात अर्भकांत हा मेद भरपूर असतो, हे पूर्वीपासून ज्ञात होते. प्रौढांत तो जवळपास उरत नाही, असा मात्र समज होता.

हा समज कर्करोगाच्या तपासणीने मोडला. पेट तपासणीत फ्लोरिन-१८ हे किरणोत्सारी द्रव्य जोडलेली शर्करा शिरेतून देतात. या द्रव्याचे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे असते. जी ऊती शर्करा अधिक ओढते, ती चित्रात उजळते. तीच जागा सीटीवर मेदाच्या घनतेची, म्हणजे साधारण उणे १९० ते उणे १० हाउन्सफील्ड एककांची दिसली, तर ती गाठ नसून कार्यरत तपकिरी मेद होय. सन २००९ मध्ये बोस्टन, मास्ट्रिख्ट व तुर्कू येथील तीन संशोधनगटांचे निबंध 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या एकाच अंकात प्रसिद्ध झाले. बोस्टनच्या गटाने १,९७२ रुग्णांच्या नेहमीच्या तपासण्या चाळल्या, ७.५ टक्के स्त्रियांत व ३.१ टक्के पुरुषांत हा मेद दिसला. मास्ट्रिख्टला २४ तरुणांना १६ अंश सेल्सिअस तापमानात बसविले असता २३ जणांत तो प्रकट झाला. तुर्कूच्या गटाने ऊतीचा नमुना काढून त्याची ओळख पक्की केली.

या दोन आकड्यांतील तफावतीतच मापनाचे मर्म आहे. उबदार खोलीत तपासलेल्या व्यक्तीत मेद दिसला नाही, म्हणून तो नाहीच असे म्हणता येत नाही. ऋतू, वय, स्थूलता, खोलीचे तापमान व औषधे यांनी निष्कर्ष बदलतो. म्हणूनच कर्करोगाच्या तपासणीपूर्वी रुग्णास उबेत ठेवतात, तर संशोधनात मुद्दाम गारव्यात. निरनिराळ्या केंद्रांचे आकडे तुलनीय व्हावेत यासाठी सन २०१६ मध्ये 'बारसिस्ट' ही नोंदपद्धती सुचविण्यात आली. शिवाय ही तपासणी शर्करेचे ग्रहण मोजते, प्रत्यक्ष ज्वलन नव्हे. आणि तपकिरी मेदाचे मुख्य इंधन तर स्निग्धाम्ले होत. मधुमेहात शर्करेचे ग्रहण घटले तरी ज्वलन तितकेच घटले असेल, असे नाही. एमआरआय व अवरक्त उष्णताचित्रण यांत किरणोत्साराचा धोका नाही. तथापि उष्णताचित्रात त्वचेखालील पांढऱ्या मेदाचा थर आड येतो, त्यामुळे स्थूल व्यक्तीत ते फसवे ठरते.

हा विषय आपल्या जिल्ह्यापासून दूरचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी सन १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत गर्भवती व त्यांच्या अपत्यांचा अभ्यास चालविला. तेथील अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे ३.५ किलो, तरीही आपल्या बाळांत मांस कमी आणि मेद त्यामानाने टिकून. 'कृश तरी मेदस्वी' ही भारतीय देहाची ओळख अशी पुढे आली. पुढे सन २०१४ मध्ये नेदरलँड्समधील लायडेनच्या गटाने दक्षिण आशियाई वंशाचे व गौरवर्णीय असे प्रत्येकी १२ सडपातळ तरुण तपासले. पहिल्या गटात तपकिरी मेदाचे आकारमान ३४ टक्के कमी भरले. संख्या अल्प आहे, म्हणून त्यावरून सिद्धान्त मांडू नये. पण आपल्याकडे सडपातळ माणसासही मधुमेह का होतो, या प्रश्नाचा एक धागा येथे असू शकतो.

आता आपल्या व्यवसायाविषयी. 'ब्राऊन फॅट जागृत करणारी' म्हणून विकली जाणारी चूर्णे व गोळ्या आमच्याही पाहण्यात आल्या आहेत. विक्रेत्यास एकच प्रश्न विचारावा : हे जागरण कोणी, कोणत्या यंत्राने, किती तापमानात मोजले? वजन उतरणे हा त्याचा पुरावा नव्हे. औषधविक्रेते बंधूंनी हेही स्मरणात ठेवावे की, औषधे व चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याच्या अनुसूचीत स्थूलता व मधुमेह हे दोन्ही आहेत.

चरकसंहितेत हेमंतात जठराग्नी बलवान होतो असे सांगितले आहे, हे वाचून 'तपकिरी मेद आम्हांस ठाऊकच होता' असे म्हणण्याचा मोह होतो. आम्हांसही तो झाला होता. परंतु जठराग्नी व मेदोधात्वग्नी या आपल्या शास्त्राच्या संकल्पना आहेत. त्यांस एका ऊतीचे नाव चिकटविल्याने ना शास्त्राचा मान वाढतो, ना रुग्णाचे हित साधते. साम्य दिसले तर ते संशोधनाचा विषय म्हणून मांडावे, जाहिरातीचे वाक्य म्हणून नव्हे.

रुग्णाने पेट-सीटीचा अहवाल आणला, तर प्रथम तो अखेरपर्यंत वाचावा. चमक दोन्ही बाजूंस सारखी आहे काय, सीटीवर त्या जागी मेद आहे की गाठ, तपासणीच्या दिवशी थंडी होती काय, हे पाहावे. आणि अंतिम निर्णय तपासणाऱ्या तज्ज्ञांकडूनच घ्यावा. आपल्या दारी आलेल्या बापास धीर द्यायचा तो अंदाजाने नव्हे, जाणून घेऊन द्यावा, इतकेच आमचे सांगणे आहे.