संगणक शाळेत आला, तो विद्यार्थ्यांच्या हाती यावा
नांदेड व लातूर जिल्ह्यांतील माध्यमिक शिक्षणाचा एक महत्त्वाचा प्रश्न

दहावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला पुढील शिक्षणाचे दार आता संगणकाच्या साहाय्याने उघडावे लागते. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून अकरावीची प्रवेशप्रक्रिया राज्यभर ऑनलाइन झाली. शिष्यवृत्तीचा अर्ज, वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांची नोंदणी, शेतीचा सातबारा उतारा ही कामेही याच मार्गाने होतात. ज्याला ती स्वतः करता येत नाहीत, त्याला दुसऱ्याच्या हातावर विसंबून राहावे लागते आणि नावातील एका अक्षराची चूकही त्यालाच निस्तरावी लागते. म्हणूनच माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचे शिक्षण हा विद्यार्थ्याच्या स्वावलंबनाचा प्रश्न आहे.

योजनेची वाटचाल

शाळांतून संगणक पोहोचविण्याचा पहिला मोठा प्रयत्न केंद्र शासनाने १९८४-८५ मध्ये 'क्लास' प्रकल्पाद्वारे केला. त्यानंतर डिसेंबर २००४ मध्ये 'शाळांमध्ये माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान' ही योजना सुरू झाली. महाराष्ट्रात ती तीन टप्प्यांत राबविण्यात आली. पहिल्या टप्प्यात ५००, दुसऱ्या टप्प्यात २,५०० व तिसऱ्या टप्प्यात ५,००० अशा एकूण ८,००० शाळा तिच्या कक्षेत आल्या. २०१८ पासून हा कार्यक्रम समग्र शिक्षा अभियानाचा भाग आहे.

योजनेची रचना समजून घेण्यासारखी होती. पुरवठादार संस्थेने संगणक कक्ष उभारावा, तो पाच वर्षे चालवावा, निदेशक द्यावा आणि मुदत संपल्यावर कक्ष शाळेच्या स्वाधीन करावा, असे तिचे स्वरूप होते. मुदती संपल्या तशी यंत्रे शाळांची झाली, परंतु कंत्राटावरील निदेशकांचे काम संपले. ज्या शाळेतील शिक्षकांनी त्या पाच वर्षांत निदेशकाकडून काम शिकून घेतले, तेथे कक्ष चालता राहणे सोपे होते. जेथे तसे घडले नाही, तेथे कक्षाला कुलूप लागण्याचा धोका उभा राहतो. यंत्र हस्तांतरित करता येते, परंतु कौशल्य आपोआप हस्तांतरित होत नाही, हा या वाटचालीचा मुख्य धडा होय.

तासिकेचा हिशेब

एका कक्षात दहा संगणक आणि वर्गात साठ विद्यार्थी असतील, तर एका यंत्रापुढे सहाजण बसतात. छत्तीस मिनिटांच्या तासिकेत प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटे येतात. प्रत्यक्षात धीट मुलगा यंत्र चालवितो व मागे बसलेल्या मुली केवळ पाहत राहतात. यावर उपाय साधा आहे. वर्गाचे तीन गट करावेत, एका गटाने दोघादोघांनी यंत्रावर बसावे आणि इतर दोन गटांनी वर्गात त्याच पाठाचे लेखी काम करावे. जोडीतील दोघांनी निम्म्या वेळाने जागा बदलावी. त्यामुळे प्रत्येकाला तीन तासिकांतून एकदा सलग अठरा मिनिटे मिळतात. एकूण वेळ तेवढाच राहतो, परंतु एखादे काम आरंभापासून शेवटापर्यंत करण्यास तो पुरतो. वीज गेल्यास लेखी काम सर्वांनाच देता येते, त्यामुळे तासिका वाया जात नाही.

मराठी कळफलक

पहिला पाठ मराठी टंकलेखनाचा असावा. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये मान्य केलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकात स्वर व मात्रा डाव्या हाताला आणि व्यंजने प्रामुख्याने उजव्या हाताला आहेत. अक्षरे उच्चाराच्या क्रमाने टंकित करावयाची असतात. 'किनवट' लिहिताना वेलांटी कागदावर आधी दिसत असली, तरी आधी 'क' व नंतर वेलांटी द्यावी लागते.

सीमाभागातील शाळांना या कळफलकाचा आणखी एक लाभ आहे. देगलूर, बिलोली व धर्माबाद परिसरात अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, तर उदगीर व देवणीकडे कन्नड कानावर पडते. या भाषांचा इनस्क्रिप्ट कळफलक एकाच तत्त्वावर रचलेला असल्यामुळे मराठी 'क' ज्या कळीवर आहे, त्याच कळीवर तेलुगू व कन्नड 'क' आहे. मराठी टंकलेखन शिकलेल्या मुलाच्या बोटांना घरच्या भाषेचे टंकलेखन निम्मे येतेच.

उदाहरणे परिसरातील असावीत

आकडेमोडीचा तक्ता, म्हणजेच स्प्रेडशीट, शिकविताना परिसरातील विषय घ्यावा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणण्यात आले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी होते. विद्यार्थ्यांनी हे आकडे दोन चौकटींत भरावेत व तिसरीत गुणाकाराचे सूत्र लिहावे, म्हणजे उत्तर ५ लाख लिटर येते. पुढे गाडीला पन्नास वाघिणी जोडण्यात आल्या. पहिली चौकट बदलताच उत्तर आपोआप २५ लाख होते. सूत्र म्हणजे काय, हे या एका उदाहरणातून स्पष्ट होते. त्याच तक्त्यात गावाची लोकसंख्या घातली, तर माणशी किती पाणी आले असते, हेही काढता येईल.

सर्वांची जबाबदारी

लातूर पॅटर्नची ख्याती नियमित चाचण्या व वारंवार सराव यांवर उभी आहे. परंतु गुणपत्रिकेत ज्या विषयाला वजन नाही, त्याची तासिका गणित वा विज्ञानाकडे वळविण्याचा मोह शाळांना होतो. तो टाळून सरावाची तीच शिस्त संगणकालाही लावणे हितावह ठरेल. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शाळांची संख्या मोठी असल्यामुळे लोकप्रतिनिधींचा या कामाशी थेट संबंध येतो. मुख्याध्यापकांनी वेळापत्रकातील तासिका राखावी, प्रत्येक शाळेत किमान दोन शिक्षकांनी कक्षाची जबाबदारी शिकून घ्यावी आणि ग्रामपंचायतींनी वीजजोडणी व कक्षाची सुरक्षितता यांकडे लक्ष पुरवावे. दहावीचा प्रत्येक विद्यार्थी आपला अर्ज आपल्या हाताने, आपल्या नावाचे अचूक शुद्धलेखन करून भरू शकला, तर शाळेतील संगणक कक्षाचे सार्थक झाले, असे म्हणता येईल.