टेन्शन म्हणे साहेबांना!

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत इंडक्शन भट्टीवरचा माणूस दिवस घड्याळावर मोजत नाही, ‘हीट’वर मोजतो. हीट म्हणजे वितळलेल्या भंगाराचा एक घाणा. भज्यांचा असतो तसाच, फक्त इथल्या कढईत तापमान सोळाशे अंशांच्या आसपास. घाणा उतरायला आला की पाणी प्यायचं, लघवीला जायचं, सगळं ओतकामानंतर. रस वेळेवर ओतला नाही आणि लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या पात्रातच गोठला, तर टनावारी माल अडकतो.

असा माणूस छातीत दुखलं तर ‘गॅस झाला’ म्हणतो. सोबतचेही सोड्याची पुडी पुढे करतात. मागे समजूत पक्की असते: टेन्शन साहेबांना, मजुराला कसलं? तो घाम गाळतो, त्याचं काळीज दगडासारखं भक्कम.

या समजुतीला पहिला मोठा धक्का लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतून बसला. १९६७पासून तिथल्या सुमारे अठरा हजार पुरुष नोकरदारांवर लक्ष ठेवलं गेलं. साडेसात वर्षांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्या साहेबांपेक्षा तळाच्या शिपायांमध्ये तिपटीहून जास्त निघालं. विडी-सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा केला तरी निम्म्याहून जास्त फरक उरलाच. उरलेल्याचं एक उत्तर संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांच्या १९७९मधल्या मांडणीत सापडतं. नुसतं काम जास्त असणं वेगळं. काम जास्त आणि आपल्या हातात काहीच नाही, हे वेगळं. साहेबाला बैठक पुढे ढकलता येते. भट्टीवाल्याला हीट ढकलता येत नाही, आणि हजेरी कापायची की नाही हे मुकादम ठरवतो.

असा ताण आला की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, नाडी धावते, रक्तदाब चढतो. मागोमाग कॉर्टिसॉल रक्तातली साखर वाढवतं. संकट टळलं की हे सगळं उतरावं, अशी शरीराची रचना आहे. रोजच्या रोज चढतच राहिलं, तर धमन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते आणि तिथे चरबीचा थर धरू लागतो. भट्टीपाशी त्यात उष्णतेची भर. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, तेवढ्यासाठी हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. घामावाटे पाणी गेल्याने रक्त दाट होतं ते निराळंच.

मग घाम गाळण्याचा फायदा कुठे गेला? कोपनहेगनमधल्या एक लाखाहून जास्त लोकांचा अभ्यास २०२१मध्ये आला. फावल्या वेळात व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकार कमी, तर नोकरीत अंगमेहनत करणाऱ्यांना उलट जास्त. कारण फारसं गूढ नसावं. व्यायाम अर्धा-पाऊण तासाचा, नंतर विसावा. ओझी उचलणं तासन्‌तास, आणि दम खायचा तोही दुसऱ्याच्या परवानगीने.

जालन्यात रात्रपाळीला एक खास कारण होतं: वीज. टनभर पोलाद वितळवायला पाचशेहून जास्त युनिट लागतात आणि वर्षानुवर्षं रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतल्या विजेला दरात सवलत होती. भट्टी रात्री जोरात चालावी, हे साहजिकच. पण झोपेत माणसाचा रक्तदाब दहा ते वीस टक्के उतरतो. हृदयाची हीच काय ती विश्रांती. रात्र भट्टीवर आणि दिवस पत्र्याच्या खोलीत, तोही मे महिन्यातला, तर रक्तदाब उतरणार कधी?

तासांचा हिशेब जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१मध्ये मांडला. आठवड्याला ३५-४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ५५ किंवा जास्त तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्के, तर हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के जास्त. बारा तासांच्या सहा पाळ्या म्हणजे ७२ तास, ही बेरीज सोपी आहे. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली, तेव्हा उत्पादनाची चर्चा भरपूर झाली. धमन्यांची झाल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही.

एक विनंती मिलमालकांना. भंगाराचा ट्रक वजनकाट्यावर चढल्याशिवाय तुम्ही गेटातून आत सोडत नाही. त्याच काट्याशेजारी एक खुर्ची आणि रक्तदाबाचं यंत्र ठेवा. महिन्यातून एकदा, पाळीवर जाण्याआधी, प्रत्येकाला पाच मिनिटं शांत बसवा आणि रक्तदाब मोजा. आकडा १४०/९०च्या वर दिसत राहिला तर त्याला डॉक्टरकडे पाठवा, आणि त्या दिवसाची हजेरी कापू नका.