गाव खरं, नाव खोटं!

मित्रांनो, एक गंमत करून पाहा. डोळे मिटा आणि शाळेपासून घरापर्यंतचा रस्ता आठवा. वाटेत पिठाची गिरणी आधी लागते की न्हाव्याचं दुकान? पारावर दुपारी कोण बसलेलं असतं? रात्रीची शेवटची एसटी गावात शिरते तेव्हा कुत्री भुंकतात, की सवयीनं गप्प पडून राहतात? आता कागद घ्या, तो रस्ता काढा आणि कागद हातात धरून तोच रस्ता चालून या. पैज लावतो, निदान तीन चुका निघतील! माझ्या पाच निघाल्या होत्या. त्यातली एक तर आमच्याच घराची. मी दारापुढं तीन पायऱ्या काढल्या होत्या, निघाल्या चार!

हे सगळं कशासाठी, ते सांगतो. माझ्याकडे अधूनमधून मुलं आपल्या गोष्टींच्या वह्या घेऊन येतात. वही उघडावी, तर गोष्ट घडते लंडनच्या धुक्यात, नाहीतर अॅमेझॉनच्या जंगलात. लिहिणारा मुलगा मात्र कऱ्हाडचा, मुलगी लातूरची. ‘‘अगं, लातूरची गोष्ट का नाही लिहिलीस?’’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘‘आमच्याकडे लिहिण्यासारखं काही घडतच नाही, काका!’’

घडत नाही? बरं, मग मी तुम्हाला अशा एका गावाबद्दल सांगतो, जिथं खरोखरच फारसं काही घडत नाही. सप्टेंबर १९३०. म्हैसूरच्या एका तरुणानं, आजीनं पाहून दिलेल्या चांगल्या दिवशी, नवी वही उघडली. डोळ्यांपुढं आलं एक छोटंसं रेल्वे स्टेशन. त्याला नाव सुचलं, मालगुडी. हा तरुण म्हणजे आर. के. नारायण. वहीतली कादंबरी होती ‘स्वामी अँड फ्रेंड्स’. तीत काय आहे? सोमवारचा कंटाळा, कडक मास्तर, परीक्षा, क्रिकेटचा संघ आणि मैत्रीतली भांडणं. बस्स! ही कादंबरी छापायला कुणी तयार होईना. शेवटी नारायण यांनी इंग्लंडमधल्या आपल्या मित्राला कळवून टाकलं, की हस्तलिखिताला दगड बांध आणि थेम्स नदीत बुडव! मित्र शहाणा. त्यानं ते न बुडवता ग्रॅहॅम ग्रीन या लेखकाला वाचायला दिलं. ग्रीन यांच्या खटपटीनं १९३५ साली पुस्तक निघालं. पुढची पन्नासहून जास्त वर्षं नारायण त्याच मालगुडीच्या गोष्टी लिहीत राहिले.

आता हे मालगुडी आहे कुठं? नकाशात शोधाल तर सापडणार नाही. नारायण यांचं लहानपण गेलं आजीजवळ मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईत. पुढचं बरंच आयुष्य म्हैसुरात. दोन्हींकडचं थोडंथोडं उचलून त्यांनी तिसरंच गाव वसवलं. नदी दिली शरयू, रस्ता दिला मार्केट रोड, शाळा दिली अल्बर्ट मिशन. एका अमेरिकन अभ्यासकानं तर पुस्तकांतले उल्लेख जुळवून मालगुडीचा नकाशाच काढला! दूरदर्शनवरची ‘मालगुडी डेज’ ही मालिका तुमच्या आईबाबांना नक्की आठवत असेल. त्या मालिकेत कर्नाटकातलं अरसाळू नावाचं छोटं स्टेशन मालगुडी झालं होतं. २०२० साली तिथं चक्क ‘मालगुडी म्युझियम’ सुरू झालं. नसलेल्या गावाचं असलेलं स्टेशन!

आपल्या मराठीतलं उदाहरण पाहायचं, तर ‘बनगरवाडी’कडे जायला हवं. व्यंकटेश माडगूळकर माणदेशातल्या माडगुळ्याचे. दुष्काळी मुलूख, तेव्हाच्या औंध संस्थानातला. तरुणपणी काही काळ ते शाळामास्तरही होते. १९५५ साली त्यांची ‘बनगरवाडी’ पुस्तकरूपानं आली. धनगरांची लहानशी वाडी. तिथं एक तरुण मास्तर येतो. शाळा बंद पडलेली, पोरं मेंढरांमागं. मास्तर पोरं गोळा करतो, वाडीकरांची पत्रं लिहून देतो, त्यांचे तंटे ऐकतो. सगळे मिळून तालीम बांधतात आणि तिच्यासाठी खुद्द राजेसाहेब वाडीवर येतात. पुढं दुष्काळ पडतो. माणसं मेंढरं घेऊन वाडी सोडून जातात.

यात एक साधीशी युक्ती आहे, ती चटकन लक्षात येत नाही. माणदेश माडगूळकरांच्या रोजच्या ओळखीचा. पण कादंबरी सांगतो कोण? राजाराम सौंदणीकर, वाडीवर पहिल्यांदाच पाऊल ठेवणारा नवखा मास्तर. गावात जन्मलेल्या माणसाला चावडी कुठं आहे हे कळायला बघावं लागत नाही. नवखा माणूस मात्र सगळं पाहतो, विचारतो, चुकतो, हसं करून घेतो. माडगूळकरांनी आपली भूमी घेतली आणि डोळे पाहुण्याचे घेतले. तुमच्या गोष्टीतही एखादा नवा मुलगा बदली होऊन तुमच्या वर्गात आणून बसवा. त्याला सगळी गल्ली दाखवायला निघा. बघा कशी लेखणी पळते ती!

आता नावाचं पाहू. मालगुडी, बनगरवाडी... आपल्या गावाचं खरं नाव का घालायचं नाही? घालायला हरकत नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, तेव्हा पालगड, दापोली ही नावं तशीच ठेवली. स्वतःला मात्र ‘श्याम’ केलं. पण खरं नाव घातलं की गाव तुमचा हात धरतं. पूल उत्तरेला असेल, तर तो दक्षिणेला नेता येत नाही. नाव बदललं की मोकळीक मिळते. दोन गल्ल्यांची एक करा, शेजारच्या गावची जत्रा आपल्या देवळापुढं भरवा, कोण विचारणार!

याहून महत्त्वाचं कारण माणसांचं आहे. मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकाचं ‘टॉम सॉयर’ तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. ते १८७६ सालचं. मिसिसिपी नदीकाठचं हॅनिबल हे ट्वेनचं लहानपणाचं गाव. पुस्तकात त्यानं त्याला सेंट पीटर्सबर्ग म्हटलं. नदी तीच, गुहाही तीच. पण त्यातला दुष्ट इंजुन ज्यो आठवतो ना? या नावानं ओळखला जाणारा एक माणूस हॅनिबलमध्ये खरोखर होता. ट्वेननंच आत्मचरित्रात सांगितलं आहे, की तो माणूस एकदा गुहेत हरवला होता आणि वटवाघळं खाऊन जगला. पुस्तकात मात्र ट्वेननं त्याला गुहेत उपाशी मारला! गोष्ट रंगली, यात शंका नाही. तरी मला तो खराखुरा माणूस सारखा आठवतो. गावाला नवं नाव मिळालं, त्याला नाही मिळालं.

सारखा का आठवतो, तेही सांगतो. कॉलेजात असताना माझी एक गोष्ट एका छोट्या दिवाळी अंकात छापून आली. आमचं गाव कृष्णाकाठचं. गोष्टीत गावाचं नाव खरं, पेठेचं नाव खरं, आणि आमच्या कोपऱ्यावरचे सायकलवाले काकाही जसेच्या तसे. त्यांचं लंगडणं, कानावरची पेन्सिल, ‘घे लेका’ म्हणणं, सगळं. फक्त गोष्टीला वळण हवं, म्हणून मी त्यांना चोरीच्या सायकली विकायला लावल्या होत्या. प्रत्यक्षात या माणसानं कुणाचा छर्रासुद्धा जास्तीचा घेतला नसेल.

अंक गावच्या वाचनालयात आला. आठ दिवसांनी मी हवा भरायला गेलो. एरवी काका स्वतः हवा भरायचे. त्या दिवशी त्यांनी पंप माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, ‘‘तूच भर बाबा. आमी चोर मान्सं.’’

मी काय बोलणार? मान खाली घालून पंप मारत राहिलो. दहा पैसे तेवढे त्यांनी घेतले नाहीत. त्या रात्री मी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘माझ्यापाशी काय रडतोस? त्यांच्याकडे जा.’’ दुसऱ्या दिवशी गेलो. काका चाकाचा आक काढत होते. बराच वेळ त्यांनी वर पाहिलंच नाही. मग म्हणाले, ‘‘लिवलंयस झकास. माजं लंगडनं वाचून माजीच बायको हसली. पर गिऱ्हाईक इचारतंय रं, ही सायकल कुठली म्हनून. चोरीच लिवायची हुती, तर दुकान तरी दुसऱ्या गावात न्यायचंस.’’

गोष्टी कशा लिहाव्यात यावर मी पुढं पुस्तकं वाचली. पण एवढं सोपं करून कुणी सांगितलं नाही. पालकांनाही एक विनंती. मुलांनी शेजारपाजाऱ्यांवर लिहिलं, तर ‘कशाला नसत्या उठाठेवी’ म्हणून वही मिटायला लावू नका. ‘यातलं खरं किती, जोडलेलं किती?’ एवढं मात्र विचारा. खरं असलेलं आणि जोडलेलं, दोन्ही एकाच ओळखू येणाऱ्या माणसाच्या गळ्यात पडलं आहे का, ते बघा. तसं असेल, तर एकाचं चालणं, दुसऱ्याचं बोलणं आणि तिसऱ्याचा धंदा घेऊन चौथाच माणूस उभा करता येतो. मुलांना हा खेळ फार आवडतो, असा माझा अनुभव आहे.

आणि दोस्तांनो, ज्या गोष्टी बदलायच्या नाहीत, त्यांचीही एक वही ठेवा. तुमच्याकडे कणसाला काय म्हणतात, पाऊस कुठल्या डोंगरावरून येतो, आजी जुन्या पेठेला कुठल्या नावानं ओळखते. हे आत्ताच टिपून ठेवा. रस्ता रुंद झाला की आधी पार जातो, मग पारावरची माणसं.

माझ्याही वहीत एका कादंबरीचा नकाशा आहे. गावाचं नाव बदललंय. सायकलचं दुकान नदीपलीकडे नेलंय, दुकानदार आता लंगडत नाही, आणि सायकली चोरणारा भलताच कुणी आहे, तो मी अजून ठरवतोय. पंप मात्र तोच ठेवलाय. खालची पट्टी दोन्ही पायांनी दाबून धरावी लागते, नाहीतर उचलला जातो.