काचपेटीतली हिरवळ

दोन फुटी काचपेटीतील प्लास्टिकची झाडे काढून आम्ही खरी हिरवळ लावायचे ठरविले. हौसेच्या भरात सगळे पाणी बदलले, फिल्टरचा स्पंजही नळाखाली खळखळून धुतला. चार दिवसांत तीन मासे मेले. माशांच्या विष्ठेतील विष पचविणारे जिवाणू स्पंजात असतात. ते क्लोरीनच्या पाण्याने आम्हीच मारले होते. रोज पंचशील म्हणणाऱ्या आमच्या घराला ही चूक फार लागली.

दुसऱ्या खेपेस मासे जुन्याच पाण्याच्या बादलीत ठेवले, फिल्टरही तिथेच चालू ठेवला. दगडांवर लिंबू पिळून पाहिले. फेस आला तो चुनखडीचा, म्हणून बाजूला. न फेसाळणारा काळा दगड घेतला. जपानच्या ताकाशी अमानो (१९५४-२०१५) यांच्या रीतीने दगड विषम संख्येत मांडले : एक मोठा, दोन लहान. पुढे बुटक्या पाणगवताचे झुपके इंचाइंचावर रोवले. अर्धे पाणी जुने, अर्धे दिवसभर उघडे ठेवलेले. दिवा आठच तास, नाहीतर शेवाळ माजते.

दोन महिन्यांत हिरवळ धरली. एकही मासा दगावला नाही. वाचकहो, करुणेला माहितीची जोड हवी, एवढेच आम्ही शिकलो.