टाका घालावा की जखम उघडी ठेवावी?

जखम झाली की टाके घालायचे आणि टाका जितका सफाईदार तितकी जखम चांगली भरणार, अशी आपली साधी समजूत असते. गर्भाशयमुखावरील एका लहानशा शस्त्रक्रियेत मात्र ही समजूत अडचणीची ठरली. ती कशी, हे कळण्यासाठी आधी त्या जागेची रचना पाहू.

गर्भाशयमुख म्हणजे गर्भाशयाचा खालचा, सुमारे तीन सेंटिमीटर लांबीचा नळीसारखा भाग. त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर चपट्या पेशींचे अनेक थर असतात, तर आतल्या मार्गात उभट पेशींचा एकच थर. वयात आल्यावर या दोहोंच्या सीमेवर उभट पेशींची जागा हळूहळू चपट्या पेशी घेऊ लागतात. मानवी पॅपिलोमा विषाणू मुक्काम ठोकतो तो इथेच. बहुतेक स्त्रियांचे शरीर त्याला एक-दोन वर्षांत हुसकावते. काहींमध्ये तो टिकतो आणि पेशी बिघडतात. हा बिघाड अस्तराखालचा पातळ पडदा ओलांडत नाही, तोवर ती कर्करोगपूर्व अवस्था.

तिच्याकडे दुर्लक्ष केले तर? न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या एका रुग्णालयात १९६६ पासून अशा काही स्त्रियांवर, त्यांना विश्वासात न घेता, पुरेसे उपचार न करता नुसते लक्ष ठेवले गेले. १९८८ मध्ये सरकारी चौकशीचा अहवाल आला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तीव्र बिघाड असूनही केवळ तपासणीपुरता तुकडा काढलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना तीस वर्षांत कर्करोग झाला. योग्य उपचार झालेल्यांत हे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते. विज्ञानाला हे आकडे मिळाले ते त्या स्त्रियांच्या जिवावर.

उपचार म्हणजे बिघडलेला भाग काढणे. कलिंगडवाला सुरी खुपसून आतला निमुळता तुकडा बाहेर काढून दाखवतो, तसा गर्भाशयमुखाचा शंकूच्या आकाराचा तुकडा काढतात. तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येतो, हा मोठा फायदा. पण मागे उरते रक्ताळलेली खळगी. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील शल्यचिकित्सक आर्नोल्ड स्टुर्मडॉर्फ यांनी सुचवलेला टाका तिच्यासाठी वापरला जाऊ लागला. बाहेरचे अस्तर थोडे सोडवून त्याची कड खळगीत ओढायची आणि टाक्याने तिथे बसवायची. उशीच्या अभ्र्याची कड आत दुमडावी तशी. रक्त थांबते, जखम झाकली जाते. दिसायलाही सुबक!

दोष नेमका या सुबकपणात आहे. खळगीच्या काठावर बिघडलेल्या पेशी उरल्या असतील, तर निरोगी अस्तर त्यांच्यावर पांघरूण घालते. पुढच्या तपासणीत नमुना येतो तो पांघरुणाचा, आणि तो निर्दोष निघतो. शिवाय दोन अस्तरांची सीमा दुर्बिणीतून दिसेनाशी होते. मार्ग अरुंद झाला तर पाळीच्या वेळी वेदना होतात.

म्हणून पुष्कळ ठिकाणी खळगी उघडीच ठेवतात. तळाला विजेचा चटका देतात किंवा फेरिक सबसल्फेटचा दाट द्राव लावतात. लोहाच्या या क्षारामुळे रक्तातील प्रथिने साकळतात. गर्भाशयमुख घड्याळाची तबकडी मानली, तर मुख्य रक्तवाहिन्या तीन आणि नऊ वाजण्याच्या जागी येतात. तिथे कापण्याआधीच एकेक टाका घेण्याचीही पद्धत आहे. टाक्यांनी शस्त्रक्रियेतला रक्तस्राव कमी होतो, पण खपली निघताना, आठ-दहा दिवसांनी होऊ शकणारा रक्तस्राव त्यामुळे टळतोच असे नाही. उघडी जखम काही आठवड्यांत काठाकडून नव्या पेशींनी भरून येते.

१९८९ मध्ये ब्रिटनमधील वॉल्टर प्रेंडिव्हिल आणि सहकाऱ्यांनी सुरीऐवजी वीज खेळवलेल्या तारेच्या मोठ्या फाशाची पद्धत मांडली. तार कापता कापताच रक्तवाहिन्या बंद करते. तेवढ्यापुरती जागा बधिर केली की पुरते आणि टाक्यांची गरज सहसा पडत नाही. प्रश्न उरतो खोलीचा. तुकडा उथळ निघाला तर बिघाड मागे राहण्याची भीती. दहा मिलिमीटरहून खोल गेला तर पुढच्या बाळंतपणात मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याचा धोका वाढतो. मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीच्या बाबतीत शल्यचिकित्सकाचा हात या दोन-चार मिलिमीटरांपाशी घुटमळतो.