सिल्व्हिया पँकहर्स्ट कागदपत्रे

सिल्व्हिया पँकहर्स्ट कागदपत्रे : इंग्लिश स्त्रीमताधिकारवादी, पत्रकार व समाजकल्याण कार्यकर्ती एस्टेल सिल्व्हिया पँकहर्स्ट (५ मे १८८२–२७ सप्टेंबर १९६०) हिच्या व्यक्तिगत कागदपत्रांचा संग्रह. यातील प्रमुख भाग अ‍ॅम्स्टरडॅम येथील आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्थेत असून काही महत्त्वाची कागदपत्रे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. स्त्रियांचा मताधिकार, पहिल्या महायुद्धकाळातील कामगार वस्त्यांचे जीवन आणि साम्राज्यशाहीविरोधी विचार यांच्या अभ्यासासाठी ही कागदपत्रे मूलभूत साधन मानली जातात.

सिल्व्हियाचा जन्म मँचेस्टर येथे झाला. तिचे वडील रिचर्ड मार्सडेन पँकहर्स्ट हे कायदेपंडित व स्त्रियांच्या हक्कांचे पुरस्कर्ते होते. तिची आई एमेलिन हिने १९०३ मध्ये ‘विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियन’ ही संघटना स्थापन केली. सिल्व्हियाने चित्रकलेचे शिक्षण मँचेस्टर व लंडन येथे घेतले; परंतु चळवळीच्या कामापुढे तिची चित्रकला मागे पडली. कामगार स्त्रियांचा प्रश्न मताधिकारापासून वेगळा काढता येत नाही, असे तिचे मत होते. त्यावरून आई व थोरली बहीण क्रिस्टाबेल यांच्याशी तिचे मतभेद झाले आणि १९१४ च्या प्रारंभी तिच्या नेतृत्वाखालील पूर्व लंडनची शाखा मूळ संघटनेपासून वेगळी झाली. त्याच वर्षी ८ मार्च रोजी तिने वुमन्स ड्रेडनॉट हे साप्ताहिक सुरू केले. जुलै १९१७ मध्ये त्याचे नाव वर्कर्स ड्रेडनॉट असे झाले आणि १९२४ पर्यंत ते चालले.

अ‍ॅम्स्टरडॅम येथील संग्रहात १८६३ ते १९६० या कालखंडातील कागदपत्रे असून त्यांची वर्णनात्मक सूची १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे या संग्रहाचे सूक्ष्मपटही काढण्यात आले. त्यात पत्रव्यवहार, टिपणे, ग्रंथांची व लेखांची हस्तलिखिते, तसेच संघटनांची दप्तरे आहेत. मजूर पक्षाचे आद्य नेते केर हार्डी (१८५६–१९१५) यांच्याशी सिल्व्हियाचा निकटचा स्नेह होता. त्यांची पत्रे हा संग्रहाचा अत्यंत वैयक्तिक असा भाग होय.

‘ईस्ट लंडन फेडरेशन ऑफ द सफ्रजेट्स’ या संघटनेची इतिवृत्ते सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने विशेष मोलाची आहेत. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच पूर्व लंडनमध्ये कारखाने बंद पडले, अन्नधान्य महागले आणि सैनिकांच्या पत्नींना मिळावयाचे भत्ते वेळेवर मिळेनासे झाले. संघटनेने मूळ किमतीत जेवण देणाऱ्या खानावळी काढल्या. तेथे प्रौढांस दोन पेन्स व मुलांस एक पेनी आकारीत. काम गमावलेल्या स्त्रियांसाठी खेळण्यांचा कारखाना निघाला. ‘गनमेकर्स आर्म्स’ या जुन्या मद्यालयाचे रूपांतर पाळणाघर व बालआरोग्य केंद्रात करण्यात येऊन त्याला ‘मदर्स आर्म्स’ (म. अर्थ आईचे बाहू) असे नाव देण्यात आले. या कार्यात वावरणाऱ्या बहुतेक स्त्रिया श्रमिक वर्गातील होत्या. त्यांतील बहुतेकींनी स्वतःची अशी कागदपत्रे मागे ठेवली नाहीत; संघटनेच्या इतिवृत्तांमुळेच त्यांच्या कार्याची व मतांची नोंद टिकून राहिली.

वर्कर्स ड्रेडनॉटमधील लेखांबद्दल १९२० मध्ये सिल्व्हियावर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला आणि तिला सहा महिन्यांची कैद झाली. हॉलोवे तुरुंगात तिला लेखनासाठी पाटी मिळे, परंतु लिहिलेले जतन करण्याची सोय नव्हती. म्हणून तिने तुरुंगातील शौचकागदावर लेखन केले व ते गुप्तपणे बाहेर पोहोचविले. हे नाजूक कागद ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेले आहेत. या कारावासातील कविता रिट ऑन कोल्ड स्लेट (१९२२, म. शी. थंड पाटीवर लिहिलेले) या संग्रहात आल्या.

तिच्या पुढील लेखनात भारतालाही स्थान आहे. इंडिया अँड द अर्थ्‌ली पॅरडाइस (म. शी. भारत आणि भूलोकीचा स्वर्ग) हा तिचा विस्तृत ग्रंथ १९२६ मध्ये मुंबईहून प्रसिद्ध झाला. सेव्ह द मदर्स (१९३०) या ग्रंथात तिने प्रसूतिकाळातील स्त्रियांच्या मृत्यूंकडे लक्ष वेधून मातृसंगोपनाच्या सार्वजनिक व्यवस्थेचा आग्रह धरला. इटलीने इथिओपियावर केलेल्या आक्रमणानंतर तिने न्यू टाइम्स अँड इथिओपिया न्यूज हे पत्र १९३६ पासून १९५६ पर्यंत चालविले. १९५६ मध्ये ती मुलासह आदिस अबाबा येथे स्थायिक झाली व तेथेच निधन पावली. तिचा मुलगा रिचर्ड पँकहर्स्ट (१९२७–२०१७) हा इथिओपियाच्या इतिहासाचा अभ्यासक होता.

या संग्रहाचे महत्त्व केवळ चरित्रात्मक नाही. सिल्व्हियाच्या द सफ्रजेट मूव्हमेंट (१९३१) या ग्रंथाचा मताधिकार चळवळीच्या नंतरच्या इतिहासलेखनावर दीर्घकाळ प्रभाव होता. त्यात आई व बहीण यांच्याविषयीचे तिचे मत प्रकर्षाने उमटले आहे. घटनांच्या वेळची पत्रे व इतिवृत्ते हाताशी असल्याने, अनेक वर्षांनी लिहिलेल्या या कथनाची पडताळणी अभ्यासकांना करता येते. ब्रिटिश गुप्तहेर खात्याने तिच्यावर ठेवलेल्या पाळतीच्या फायलीही नंतर लंडन येथील राष्ट्रीय अभिलेखागारात खुल्या झाल्या. त्यामुळे शासनाच्या दृष्टीतून दिसणारी सिल्व्हिया आणि स्वतःच्या कागदपत्रांतून प्रकट होणारी सिल्व्हिया यांची तुलना शक्य झाली. मात्र व्यक्तिगत संग्रहात मुख्यतः आलेली पत्रे राहतात आणि पाठविलेली पत्रे इतरांच्या दप्तरांत विखुरतात, ही मर्यादा या संग्रहासही लागू आहे. म्हणून निरनिराळ्या ठिकाणची कागदपत्रे एकत्र वाचूनच तिच्या कार्याचे यथार्थ मूल्यमापन करणे इष्ट ठरते.